ग्रंथालयांची सामाईक वर्गणी

‘गांव करी तें राव न करी’ ही म्हण आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. आपलीं वाचनालयें याच न्यायानें वाढलीं. एका गृहस्थास न परवडणारे ग्रंथ शंभर घरांच्या अल्प वर्गणींतून सर्वांस वाचावयास मिळूं लागले. परंतु जें खुद्द ग्रंथालयांसच परवडत नाहीं, त्याची वाट काय?

नवें संशोधन प्रथम प्रसिद्ध होतें तें बहुधा ग्रंथांत नव्हे, तर शास्त्रीय नियतकालिकांत. हीं आतां मुख्यतः संगणकावर वाचावयाचीं असून प्रकाशक त्यांचे मोठमोठे संच वार्षिक वर्गणीनें देतात. एका वाण्याकडे धान्य महाग वाटलें तर दुसऱ्याकडे जातां येतें. पण एक निबंध एकाच नियतकालिकांत प्रसिद्ध होतो, सबब येथें दुसरें दुकानच नाहीं. श्रीमंत विद्यापीठ सांगितलेला दर कसाबसा भरतें. तालुक्याच्या गांवचें कॉलेज मुकाट्यानें तें नांव यादींतून खोडतें. तेथील विद्यार्थी बुद्धीनें उणा नसतो. त्याच्या हातीं साधन नसतें, इतकेंच.

यावर उपाय म्हणजे सर्वांनीं मिळून एकच सौदा करणें. भारतांत पूर्वी निरनिराळे ग्रंथालय-संघ आपापल्यापुरते असे सौदे करीत. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना संमत केली व २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरितां ६,००० कोटि रुपये नेमून दिले. ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें ६,३०० हून अधिक संस्थांतील जवळजवळ १ कोटि ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांस खुलीं करावीं, असा हा संकल्प आहे. हिशेब मांडल्यास दरडोई खर्च वर्षाला सुमारें १,१०० रुपये पडतो. वेगळ्या चुलींपेक्षां एका चुलीवर सरपण किती वांचतें, हें आमच्या गृहिणींस सांगावयास नको.

मात्र एकत्र कुटुंबाचा धर्म येथेंही पाळला पाहिजे. पंगतींतील शेवटच्या पानावरही तेंच अन्न वाढलें पाहिजे. पहिल्या टप्प्यांत सरकारी व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था यांचीच योजना करण्यांत आली. खासगी कॉलेजें व सार्वजनिक वाचनालयें यांनाही कालांतरानें पंगतींत घेतलें पाहिजे. दुसरें असें कीं, वर्गणी हें भाडें आहे, खरेदी नव्हे. छापील अंक कपाटांत कायम राहतो. संगणकावरील अंकाचें दार वर्गणी थांबतांच बंद होऊं शकतें. म्हणून मागील अंकांवरील हक्क करारांतच लिहून घेणें शहाणपणाचें होय.

आणि वाढलेलें पान तसेंच राहिलें, तर स्वयंपाकाचा उपयोग काय? आपल्या घरांतील जीं मुलेंमुली कॉलेजांत जातात, त्यांस आज एवढेंच विचारावें: तुमच्या ग्रंथालयांत ही सोय आली आहे काय, आणि ती कशी वापरावी हें तुम्हांस कोणी शिकविलें आहे काय? उत्तर नकारार्थी आल्यास ग्रंथपालांची गांठ घेण्यास त्यांस अवश्य धाडावें.