पुढील ब्रेकची रबरी नळी

जुन्नर-ओतूर भागांतील कांदा माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारीं जातो. भरलेली गाडी त्या उतारावर ब्रेकच्या भरंवशावर असते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढील प्रत्येक चाकाच्या ब्रेकचा सारा दाब एका लहानशा रबरी नळींतून जातो, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. पुढील चाक वळतें व खालींवर होतें. म्हणून तेथें लोखंडी नळी चालत नाहीं.

गेल्या सुगींत आमची पिकअप गाडी ब्रेक दाबतांच डावीकडे ओढूं लागली, आणि पाय काढल्यावरहि उजवें चाक जखडून तापूं लागलें. आम्हीं दोन महिने दोष टायरांतील हवेस दिला. अखेर उजवी नळी काढून उभी चिरली, तेव्हां आंतील रबर फुगून मार्ग बुजत आल्याचें दिसलें. बाहेरून ती नळी अगदीं धड होती. त्याच स्थितींत आम्हीं भरल्या गाडीनें घाट उतरत होतों, ही आठवण अद्यापि अंगावर कांटा आणते.

नळी बदलण्याची रीत अशी. गाडी सपाट व टणक जागीं उभी करून हातब्रेक ओढावा, मागील चाकांस ठोकळे लावावेत, व जॅकनें पुढील भाग उचलून खालीं घोडी द्यावी; केवळ जॅकच्या आधारावर गाडीखालीं जाऊं नये. चाक काढून सांधे तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावेत. रबरी नळीचें टोंक एका पान्यानें धरून लोखंडी नळीचा नट दुसऱ्या, नटास चोहोंकडून कवळणाऱ्या पान्यानें सोडवावा. साध्या पान्यानें नटाच्या कडा झिजतात. उघडें तोंड लगेच स्वच्छ टोपणानें झांकावें. चाकाकडील पोकळ बोल्टास तांब्याचे दोन्ही वायसर नवेच घालावेत. नवी नळी त्याच गाडीच्या मापाची असावी व बसवितांना तिला पीळ पडूं नये. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ती कोठें घांसत वा ताणत नाहीं, हें पाहावें. जोडीची नळी बहुधा तितकीच जुनी असते. सबब दोन्ही एकदमच बदलाव्यात.

नंतर हवा काढणें अगत्याचें आहे. तेल दबत नाहीं. हवा दबते, व पायाचा जोर वायां जातो. एकानें ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्यानें चाकाजवळील निप्पल थोडें उघडून तेल बाटलींत सोडावें, आणि निप्पल बंद होईपर्यंत पहिल्यानें पाय उचलूं नये. बुडबुडे थांबेपर्यंत असें करावें, व वरील डबी रिकामी होऊं देऊं नये. ब्रेक ऑईल गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें व सीलबंद डब्यांतलेंच घ्यावें. उघडें राहिलेलें ऑईल हवेंतील ओल शोषतें. डॉट ३ जातीच्या ताज्या ऑईलची उकळण्याची किमान मर्यादा २०५ अंश सेल्सिअस ठरलेली आहे. ओल शिरल्यावर ती १४० अंश धरतात. मग घाटांत ब्रेक तापले कीं आंत वाफ होते. इंजिनाचें ऑईल वा डिझेल चुकूनहि घालूं नये. त्यानें रबर फुगतें.

शेवटीं ब्रेक जोरानें दाबून सांधे कोरडे असल्याची खात्री करावी, व रिकामी गाडी प्रथम मोकळ्या रानांत हळू चालवून पाहावी. पायाखालीं ब्रेक मऊ लागल्यास रस्त्यावर जाऊं नये.

बैलगाडी जुंपण्यापूर्वीं आंस, धाव व वंगण पाहण्याची चाल आपल्या वडिलांनीं घालून दिली. तद्वत् प्रत्येक सुगीपूर्वीं या नळ्या वांकवून भेगा, ओल व फुगवटा पाहावा. आणि गाडी एका अंगास ओढूं लागली, तर बाहेरील रबर धड दिसतें एवढ्यावर विसंबूं नये.