लेझरने गोंदण आणि नको असलेले केस कसे जातात?

यात्रेत हौसेने हातावर नाव गोंदवलेली मुलगी सैन्यभरतीची तयारी करू लागते, आणि मग विचारते, हे पुसता येईल का? हनुवटीवर केस येतात म्हणून पदर तोंडाशी धरणाऱ्या बायकाही लेझरबद्दल विचारतात. आज त्याविषयीच बोलू.

लेझर म्हणजे तीव्र प्रकाश. तो गडद रंगात शोषला जातो. केसातल्या काळ्या रंगाने तो शोषला, की उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. म्हणून पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, त्यामुळे ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने ६ ते ८ वेळा जावे लागते. केस विरळ होतात. सगळे कायमचे जातीलच असे नाही.

गोंदणाचे लेझर वेगळे. ते क्षणभर पडते, शाईचे कण फोडते आणि शरीरातल्या पेशी ते हळूहळू वाहून नेतात. आजीचे काजळीचे काळे गोंदण चांगले फिकट होते. हिरवा-पिवळा रंग चिवट असतो. याला वर्षभरही लागते. म्हणून भरतीचे नियम आधी वाचा आणि वेळेत सुरुवात करा. घाईने बिब्बा किंवा चुना लावू नका. कातडी भाजते आणि कायमचा व्रण राहतो.

आपली कातडी सावळी. चुकीचे यंत्र वापरले तर प्रकाश कातडीतच शोषला जाऊन डाग पडतात. त्यामुळे केस काढायचे असतील तर सावळ्या कातडीला चालणारे यंत्र आहे का, हे विचारा. उपचार पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडेच घ्या. डोळ्यांना चष्मा लावतात का, आधी छोट्या जागेवर करून बघतात का आणि एकूण खर्च किती, हेही विचारा. गरोदर असाल तर उपचार पुढे ढकला. उपचारानंतर काही आठवडे ऊन टाळायचे असते; ऊसतोड किंवा द्राक्षाच्या हंगामात ते जमणार नाही.

हनुवटीवर अचानक दाट केस आले, पाळीही अनियमित असेल, तर लेझरआधी संप्रेरकांची तपासणी करा. कारण राहिले तर केस पुन्हा येतात. सल्ल्यासाठी मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय गाठता येईल.

आणि आजीचे गोंदण? ते तिला हवे असेल तर राहू द्या. काढायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे.