वरचं पाणी
पाण्यावरच्या वाटा : भाग ४

दोराला गाठ मारायची नाही. बोट ताब्यात देताना आम्हाला बजावून सांगितलेली ही पहिली गोष्ट, आणि कास्तेलनोदारीच्या लॉकमध्ये मी नेमकी तीच विसरले. काठावरच्या लोखंडी खुंटाला दोराचा वेढा द्यायचा, मोकळं टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसा दोर सोडत राहायचं, एवढंच काम होतं. मी मागच्या खुंटाला पक्की गाठ मारली आणि फोटो काढायला पुढे गेले. मिनिटभरात दोर करकरला. बोटीचं पुढचं टोक पाण्याबरोबर खाली चाललं होतं आणि मागचं खुंटाला लटकून राहिलं होतं. आतून ताटल्या घसरल्याचा आवाज आला, वहिनी ओरडली. लॉकवरच्या बाईंनी झटक्यात झडपा बंद केल्या. ताणलेली गाठ काही सुटेना. शेवटी त्यांनी वरच्या दाराची झडप थोडी उघडली, पाणी आत आलं, बोट वीतभर वर चढली आणि दोर आपोआप ढिला पडला.

लॉक म्हणजे काय, हे मला त्या वीतभर चढण्यात कळलं. आपल्या पुस्तकांत त्याला जलपाश म्हणतात. दोन्ही टोकांना दारं असलेला हा दगडी हौद. वरची झडप उघडली की वरच्या कालव्याचं पाणी आत येतं आणि बोट चढते. खालची उघडली की पाणी निघून जातं आणि बोट उतरते. पंप नाही, बोट उचलणारं यंत्र नाही. दारंसुद्धा पाणीच बंद ठेवतं. दोन फळ्या मध्यभागी मिटतात त्या सरळ रेषेत नाही, तर वरच्या पाण्याकडे टोक करून, नमस्काराला हात जोडावेत तशा. वरचं पाणी जितकं रेटेल तितक्या त्या घट्ट बसतात. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत पहिलवानालाही ते दार हलवता येणार नाही. सारखी झाली की पूर्वी एकटा माणूस दांडा ढकलून ते उघडायचा. आता बहुतेक ठिकाणी बटण दाबतात.

दक्षिण फ्रान्समधल्या या कालव्याचं, कनाल द्यू मिदीचं, आणखी एक वैशिष्ट्य आत शिरल्यावरच डोळ्यांत भरतं. इथले लॉक चौकोनी नाहीत, मध्ये फुगलेले आहेत. दारांशी साधारण ६ मीटर रुंद असलेला हौद मध्यावर ११ मीटरच्या आसपास जातो. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, पण बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाखाली एक लॉक कोसळला. मग भिंतींना बाक दिला. आपल्या जुन्या विहिरी गोल बांधत, त्यामागचं कारणही हेच. मातीने कितीही रेटलं तरी गोलाईतला दगड शेजारच्या दगडाला टेकून उभा राहतो.

पण लॉक बांधणं हा या कालव्यातला सोपा भाग होता. अवघड प्रश्न पाण्याचा होता. बोट उतरते तेव्हा हौदभर पाणी तिच्याबरोबर खाली जातं. इथल्या मापाच्या लॉकचा ढोबळ हिशेब केला तर एका वेळेला पाच-सहा लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचं तर पन्नास-साठ टँकर, एका फेरीला. ते परत वर येत नाही. म्हणजे कालव्याच्या सगळ्यात उंच जागी सतत नवं पाणी हवं, तेही उन्हाळ्यात, जेव्हा ओढे आटलेले असतात.

अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचं स्वप्न फ्रान्समध्ये जुनंच होतं. ते साधलं तर स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे जायचा फेरा वाचणार होता. अडत होतं ते या वरच्या पाण्यापाशी. त्याचं उत्तर शोधलं पिएर-पॉल रिके या बेझिएच्या माणसाने. तो इंजिनिअर नव्हता. मिठावरचा सरकारी कर गोळा करायचा मक्ता त्याच्याकडे होता. कालव्याची सर्वांत उंच जागा नोरूझ, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. महाबळेश्वरी सावित्री अरबी समुद्राकडे वळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे, तशी ही जागा. फक्त इथे सह्याद्रीसारखा कडा नाही, शेतांमधून सहज चालत पार करावी अशी बसकी खिंड आहे. रिकेने उत्तरेच्या मोंतान्य न्वारच्या, म्हणजे काळ्या डोंगराच्या, ओढ्यांचं पाणी अडवून नोरूझपर्यंत आणायचं ठरवलं. चौदाव्या लुईने १६६६ मध्ये परवानगी दिली, आणि १६६७ ते १६७२ या काळात सँ-फेरिओलचं धरण उभं राहिलं : तीन दगडी भिंती आणि मध्ये मातीचा भराव.

डोंगरातून पाणी आणणाऱ्या चरांना फ्रेंचमध्ये रिगोल म्हणतात. मला मात्र आपला पाट हाच शब्द आठवत राहिला. डोंगराच्या कडेकडेने, उतार जेमतेम राखून, पाणी हळूहळू पुढे न्यायचं. कोकणात वाडीला पाणी आणणाऱ्या माणसाला ही विद्या कागदावर शिकवावी लागत नाही. रिकेच्या कामावरही तेच घडलं. चंद्रा मुखर्जी या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये या कालव्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी पिरेनीज डोंगरातून कामाला आलेल्या शेतकरी बायांकडे लक्ष वेधलं आहे. आपापल्या गावांत पाणी फिरवण्याचं पिढीजात ज्ञान या बाया बरोबर घेऊन आल्या होत्या. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती. बेझिएत पुतळा आहे तो रिकेचा. त्या बायांची नावं कुठे कोरलेली दिसत नाहीत, आणि याची मला खरोखर चुटपुट लागते.

नोरूझहून भूमध्य समुद्राकडे उतरताना पहिलं मोठं गाव कास्तेलनोदारी. कालवा आपल्या दारावरून जावा म्हणून या गावाने पदरचे पैसे मोजले. त्या बदल्यात त्याला तळं मिळालं, ग्राँ बासँ, सुमारे सात हेक्टरचं. घरांची रांग त्यात उलटी दिसते म्हणून सगळे तिथे थांबतात. पण हे तळं शोभेसाठी खोदलेलं नाही. लगेच खाली सँ-रॉकचे चार लॉक एकाला एक लागून आहेत, त्यांना लागणारा साठा इथे राहतो. माझी गाठ अडकली ती याच चारांपैकी दुसऱ्यात.

दुपारी लॉकवर जेवणाची सुट्टी असते. दारं बंद म्हणजे बंद. बोट बांधून गावात जाण्यावाचून इलाज नसतो, आणि आम्ही तिथलं कासुले खाल्लं ते त्यामुळेच. पांढरा घेवडा, बदक आणि सॉसेज मातीच्या पसरट भांड्यात तासन् तास भाजतात. वर धरलेली खरपूस साय मोडून आत ढकलायची, पुन्हा धरू द्यायची. भांड्याचं नाव कासोल, त्यावरून पदार्थाचं नाव. वहिनीने भांड्याच्या कडेला चिकटलेली खरवड मागून घेतली.

पुढचं कार्कासोन याच्या अगदी उलट वागलं. शहराने पैसे द्यायला नकार दिला, आणि रिकेने कालवा दोनेक किलोमीटर बाजूने नेला. १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. रिके त्याआधी काही महिने, १६८० च्या ऑक्टोबरात, वारला होता. कालव्यावरून धान्य आणि दारूची पिंपं जाऊ लागली तसं कार्कासोनला आपण काय गमावलं ते कळलं. अठराव्या शतकाच्या शेवटी शहराने कालवा वळवून आणायचं काम काढलं, मध्येच राज्यक्रांती आली, आणि नवा मार्ग खुला व्हायला १८१० उजाडलं.

त्या वळवलेल्या कालव्यावरच आज कार्कासोनचं बंदर आहे, रेल्वे स्टेशनच्या समोर. किल्ला पाहून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघालो. बंदराला लागूनच लॉक आहे आणि त्याच्या पुढे स्टेशनकडे जाणारा पूल. गाडी पकडायला निघालेली माणसं बॅगा खाली ठेवून कठड्याशी थांबली होती. झडपा उघडल्या, शेवाळलेल्या भिंती हळूहळू वर येऊ लागल्या. मागच्या खुंटाचा दोर माझ्याकडेच होता. एक वेढा देऊन मी तो हातभर, मग आणखी हातभर सोडत राहिले.

(पुढच्या भागात : बेझिएचा आठ हौदांचा जिना)