आश्विनातली फटफट्यांची रांग

दसरा उलटला की आमच्या कर्जत-कशेळे रस्त्यावर रविवारची सकाळ जरा निराळीच उजाडते. सूर्य अजून सह्याद्रीच्या कड्याआडच असतो. भाताच्या लोंब्यांवर दहिवर साचलेले असते. बाया चूल पेटवून कापणीला निघण्याच्या घाईत असतात. अशा वेळी लांबून घुमघुम आवाज येऊ लागतो. गोठ्यातली गाय कान टवकारते, पोरे हातातला चहा तसाच ठेवून सडकेकडे धाव घेतात आणि ओरडतात, "आल्या, आल्या!" बघता बघता पंधरा-वीस मोटारसायकली एकामागून एक पुढून निघून जातात. कोणी मुंबईचे, कोणी ठाण्या-कल्याणचे, तर कोणी घाट उतरून आलेले पुणेकर. अंगात जाड कोट, डोक्याला शिरस्त्राण. त्यात मुलीही असतात, आणि त्या मागे बसलेल्या नसतात, स्वतः गाडी चालवत असतात.

आमच्या लहानपणी गावात फटफटी म्हणजे दूधवाल्याची राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लोंबकळत असायच्या. बुलेट दिसली तर फौजदारसाहेब आले असे समजून माणसे ओटीवरून उठून उभी राहत. आज दर दोन-तीन घरांआड मोटारसायकल आहे. पण ती दुधाला, बाजाराला, दवाखान्याला. नुसते फिरण्यासाठी पेट्रोल जाळायचे ही गोष्ट अजूनही आमच्या म्हाताऱ्यांच्या पचनी पडत नाही. "यांना घरी कापणी नाही का?" असे माझी आई दर रविवारी विचारते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण ही मंडळी येतात तो आपल्या ऐन सुगीचा काळ असतो.

हाच हंगाम का?

आषाढ-श्रावणात आमच्याकडे गर्दी लोटते ती धबधब्यांसाठी. निसरडा रस्ता, धुके आणि पावसाची झोड यामुळे जाणते मोटारसायकलवाले त्या वेळी सहसा लांब पल्ल्याला निघत नाहीत. ते वाट पाहतात शरदाची. आकाश धुतल्यासारखे निळे होते, डोंगर अजून हिरवे असतात आणि ओढ्यांचा गढूळपणा जाऊन तळाचे गोटे दिसू लागतात.

आणि शेते! वरच्या अंगाच्या खाचरांत हळवे भात दसऱ्याच्या सुमारास पिवळे पडते. मधल्या जागेतले निमगरवे अर्धे हिरवे, अर्धे सोनेरी असते. खोलगट ओल्या खाचरांतले गरवे मात्र कार्तिकापर्यंत हिरवेगार राहते. सडकेवरून जाणाऱ्याला हे तीन रंगांचे पट्टे दिसतात आणि तो गाडी थांबवून फोटो काढतो. त्याला ती शोभा वाटते. आपल्याला मात्र कळते की ही जमिनीच्या उंच-सखलपणाची आणि पाण्याच्या हिशेबाची मांडणी आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कित्येक वर्षे खपून हळव्या, निमगरव्या, गरव्या जाती आणि सह्याद्रीसारखी संकरित भाते दिली ती याच हिशेबाने.

बारमाही नद्यांचे गुपित

पाहुणे विचारतात, "कोकणातल्या बाकीच्या ओढ्यांना उन्हाळ्यात खडक लागतो, मग तुमच्या नद्या वाहत्या कशा?" आपल्या पोरांनाही हे सांगता आले पाहिजे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कोंढाणे लेण्यांच्या पायथ्याने कोंडिवड्यावरून ती कर्जतला येते आणि पुढे नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. तिला मिळणारी पेज नदी आपल्या तालुक्याची खरी अन्नदाती. घाटमाथ्यावर आंध्रा नदीला ठोकरवाडी येथे धरण बांधून टाटांनी १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू केले. जे पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वेला, देशावर गेले असते, ते मोठमोठ्या नळांतून कडा उतरून खाली येते, वीज करते आणि मग पेजेत सुटते. त्याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो आणि कालव्याखालची गावे उन्हाळी भात घेतात.

खालापूर तालुक्यातही तीच कथा. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरते. हे वीजघर त्याहूनही जुने, १९१५ सालचे. तिथले पाणी पाताळगंगेत येते आणि खालापूर, रसायनीकडून धरमतरच्या खाडीकडे जाते. म्हणजे दोन्ही तालुक्यांच्या या नद्या पावसाळ्यात पावसावर आणि पुढे पुष्कळशा वीजघरांच्या पाण्यावर चालतात.

यातच एक धोका लपलेला आहे. वीजघर चालू झाले की कोरड्या ऊन्हातही पात्राचे पाणी एकाएकी वाढते. काठच्या माणसाला त्याची वेळ ठाऊक असते, पाहुण्याला नसते. वर आभाळ निळे आहे म्हणून तो मधल्या खडकावर जाऊन बसतो. उल्हास आणि पेजेच्या डोहांत दर वर्षी बाहेरची तरणी मुले बुडतात. कोणी उतरताना दिसला तर हातातला विळा बाजूला ठेवून हाक मारा. तेवढ्या एका हाकेने एखाद्या घरची दिवाळी वाचेल.

वाट कशी असते

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे ही मंडळी पनवेलहून जुन्या महामार्गाने चौकपर्यंत येतात. चौकजवळ इर्शाळगडाचे सुळके दिसले की जाणते गटप्रमुख गाड्या थांबवतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच गडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, त्याहून अधिक माणसे कायमची मातीखाली राहिली. ठाकरांची वाडी होती ती. हिरवा डोंगर पाहताना त्याच्या पोटाशी कोण राहते, याची आठवण पाहुण्यांनी ठेवावी, आणि आपणही.

चौकातून एक वाट कर्जतला जाते. सरळ गेले तर महडचा वरदविनायक, खालापूर, खोपोली आणि पुढे बोरघाट. घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी गाडीवाला, मग तो ट्रकवाला असो की बुलेटवाला, हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. धनगर शिंगरोबाने साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि त्याचे फळ म्हणून प्राण गमावला, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. या घाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली. खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जत, स्टेशनावरचा बटाटेवडा, मग कडाव, कशेळे आणि तिथून आंबिवलीला पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा खांडसला भीमाशंकरच्या पाऊलवाटेपाशी असा साधारण फेरा असतो. कोणी पुढे मुरबाडकडे वळतात. त्या बाजूला सिद्धगड आहे. विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला हैराण करणारे माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी तिथेच हुतात्मा झाले. रस्ता नुसता वळणांचा नसतो, माणसांचाही असतो.

आमच्या दारातली गोष्ट

आता घरचेच सांगतो. गेल्या आश्विनात आमच्या हळव्याची कापणी झाली होती. परतीच्या पावसाने खळे ओले केले होते, म्हणून दादाने भाताचे भारे झोडून दाणे डांबरी सडकेच्या कडेला वाळत घातले आणि पेंढा थेट वळणापर्यंत पसरला. सगळेच घालतात. डांबर तापते, दाणा लवकर वाळतो. त्या रविवारी मोटारसायकलींची रांग आली. पहिल्याने हात वर करून इशारा दिला, चार-पाच जण सावकाश निघाले, आणि सहाव्याचे मागचे चाक पेंढ्यावरून सरकले. माणूस आडवा, गाडी त्याच्या पायावर.

दादा शिव्या देण्याच्या तयारीने धावला, कारण गाडीखाली आमचे पायलीभर भात चिरडले होते. पण तिथे पोचल्यावर त्याचे तोंड मिटले. शिरस्त्राणाला हाताच्या बोटाएवढा खोल ओरखडा पडला होता. ते डोक्यावर नसते तर तो ओरखडा कुठे पडला असता, हे सांगायला वैद्य नको होता.

रांगेतले कोणी ओरडले नाही. पुढच्याने सगळ्या गाड्या सडकेच्या डाव्या कडेला लावल्या. सर्वांत शेवटी असलेल्या बाईने गाडी वळणाच्या मागे उभी करून येणारी वाहने थोपवली. एकाने औषधाची पेटी उघडली. हाड मोडले नव्हते, ढोपर सोलले होते. आईने तांब्याभर पाणी आणि गूळ दिला. तासभर ती मंडळी आमच्या पडवीत बसली. इतक्यात दुपारचे ढग गडगडू लागले. कोणी सांगितले नव्हते, तरी पंधरा माणसे उठली आणि आमचे भात सुपाने, घमेल्याने, हाताने भरू लागली. सरी कोसळल्या तेव्हा दाणे आत होते.

निघताना पडलेल्या तरुणाने दादाला विचारले, "नुकसानीचे किती देऊ?" दादा म्हणाला, "सडक सरकारची, पेंढा माझा. पैसे कसले मागू?"

त्यांच्याकडून घेण्यासारखे

त्या तासाभरात माझ्या पुतण्याने त्यांना शंभर प्रश्न विचारले. त्यातून कळले ते इथे देतो, कारण आपलीही पोरे जत्रेला, कबड्डीच्या सामन्यांना घोळक्याने गाड्या काढतात.

रांगेचा एक म्होरक्या असतो. त्याला कोणी ओलांडायचे नाही. सर्वांत अनुभवी माणूस शेवटी असतो, म्हणजे कोणी मागे राहिला तर त्याच्या नजरेत येतो. नवशिका म्होरक्याच्या लगेच मागे चालतो. सरळ रस्त्यावर एक गाडी आपल्या बाजूच्या उजव्या अंगाने, दुसरी डाव्या अंगाने, अशी नागमोडी रांग ठेवतात. वळणावर, पुलावर, गावात शिरताना मात्र एकामागे एक. आपल्या नेमक्या पुढच्या गाडीने विजेचा खांब ओलांडला की मनात "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचे. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर अंतर कमी आहे असे समजावे. खड्डा, जनावर, वाळू दिसली की पुढचा हाताने किंवा पायाने खूण करतो आणि ती खूण शेवटपर्यंत पोचवली जाते. आणि दारूचा थेंब नाही.

कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला शिरस्त्राण हवे, आणि मागे एकच माणूस बसवता येतो. आपल्याकडे शिरस्त्राण आरशाला अडकवलेले असते आणि मागे दोघे! अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. जखमीला मदत केली म्हणून आपण कोर्टकचेरीत अडकू ही भीती बाळगू नये. २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे.

दोन्हीकडून थोडे थोडे

सगळेच गट असे शहाणे असतात असे नाही. काही जण गाडीची नळी बदलून तोफेसारखा आवाज काढतात. त्याने दुभती जनावरे बिथरतात, आजारी माणसे दचकतात. असे करणे बेकायदाही आहे. बांधावर बाटल्या फोडून गेलेले महाभाग आम्ही पाहिले आहेत, आणि त्या काचा आमच्याच बायांच्या पायात शिरल्या आहेत. ग्रामपंचायतीने वेशीवर एक पाटी लावावी. "कापणी चालू आहे, गाडी हळू, आवाज कमी" एवढे पुरे. शहाण्याला शब्दाचा मार.

आपणही सडक मोकळी ठेवावी. दादाने त्यानंतर ताडपत्री आणली आणि दाणे खळ्यावरच वाळवले. एक दिवस जास्त लागला, पण वाळूचा कण नाही. संध्याकाळी गुरे परततात तेव्हा कळपाच्या पुढे आणि मागे माणूस असावा.

यातून चार पैसेही मिळू शकतात. नेरळजवळच्या सगुणा बागेने शेती न सोडता शहरी पाहुण्याला शेत दाखवण्याचा व्यवसाय उभा केला, त्याला आता कित्येक वर्षे झाली. सगळ्यांना तेवढे जमणार नाही. पण स्वच्छ पडवी, मोरी, चुलीवरची तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि आधी सांगितलेला ठरावीक दर एवढे कोणत्याही घरच्या लक्ष्मीला जमेल. पाहुणा भाकरीला पैसे देतो तोवर ठीक. तो बांधाकडे बोट दाखवून "ही जागा विकणार का?" असे विचारील, तेव्हा मात्र घाईने मान डोलवू नये. मोटारसायकल पाच-दहा वर्षांत भंगारात जाते. ती घेण्यासाठी विकलेले खाचर परत येत नाही.

पुतण्याने वालाच्या पैशातून जुनी मोटारसायकल घ्यायचे काढले, तेव्हा वहिनी माझ्याकडे आली. "भाऊजी, तुम्हीच त्याला समजवा." मी म्हणालो, "वहिनी, त्याने आधी काय घेतले ते पाहिलेत का?" ओटीच्या खुंटीवर कोरे करकरीत शिरस्त्राण टांगलेले होते. गाडी अजून यायची होती.

या आश्विनात त्याला आंबिवलीपर्यंत मित्रांबरोबर जायचे आहे. दादाने एकच अट घातली आहे. गरव्याचा शेवटचा भारा खळ्यावर पडला की जा, आणि दिवे लागायच्या आत घरी ये.