एजन्सी वहिनींची, कारभार कुणाचा?



आजवर मी तुमच्याशी बियाणे, खते, हुमणी आणि घाटे अळी यांवरच बोलत आलो. आज थोडा बांध ओलांडतो. विषय विम्याचा आहे. पण विमा उतरवण्याचा नव्हे, विमा विकण्याचा. हे काम घरातल्या बाईने करावे का, आणि करायचे ठरले तर घराने काय करावे, हे बोलायचे आहे.

निमित्त असे घडले. २०२५ सालच्या सुरुवातीला हरभरा पाहण्यासाठी एका वस्तीवर गेलो होतो. पाहणी आटोपून ओसरीवर चहाला बसलो, तर घरात वाद पेटलेला. सून दहावी पास, बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी. तिच्या हातात आयुर्विमा महामंडळाच्या ‘विमा सखी’ योजनेचा अर्ज होता. सासरे मला म्हणाले, “साहेब, तुम्हीच सांगा. बाईमाणसानं दारोदार फिरून लोकांच्या मरणाच्या गोष्टी करायच्या का?”

मी तोंड उघडण्याआधीच सून दाराआडून म्हणाली, “मामंजी, पलीकडच्या भाऊजींच्या घरी कुणी वेळेवर ती गोष्ट केली असती, तर वहिनींवर आज ही पाळी आली असती का?”

ओसरी गप्प झाली. पलीकडचे ते भाऊजी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले होते. त्यांनी पॉलिसी घेतली होती. दोन वर्षांचे हप्ते भरले, तिसऱ्या वर्षी दुष्काळात हप्ता राहिला. पॉलिसी देणारा एजंट पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही. कागद कोठीमागच्या डब्यात होते आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता. कागद सापडले तेव्हा पॉलिसी कधीच बंद पडलेली होती. हाती काही आले नाही.

हे पुरुषांचे काम का झाले?

देशात आयुर्विम्याच्या एजंटांमध्ये बायकांची संख्या आजही निम्म्याहून बरीच कमी आहे. याचा अर्थ बायकांना हे काम जमत नाही, असा कुणी काढू नये. खेड्यातला व्यवहार बघा. पुरुष एजंट मोटारसायकलला किक मारतो आणि निघतो. बाजारात, दूध संकलन केंद्रावर, सोसायटीच्या ओट्यावर त्याला चार गिऱ्हाइके बसल्या जागी भेटतात. शेतकरी घरी सापडतो तो दिवेलागणीनंतर, आणि नेमकी त्याच वेळी बाई चुलीपुढे असते. रात्री आठ वाजता पुरुष दुसऱ्याच्या ओसरीवर बसला, तर तो कामाचा माणूस. बाई बसली, तर गावभर चर्चा.

दुसरे असे की, मोठा बागायतदार मोठ्या रकमेची पॉलिसी बहुधा पुरुष एजंटाकडूनच घेतो. बाईकडे येतात त्या लहान हप्त्याच्या पॉलिसी. कमिशन हप्त्याच्या टक्केवारीने मिळते. म्हणजे पायपीट तेवढीच, पण पदरात कमी.

तिसरा प्रकार तुम्हा सर्वांच्या माहितीचा आहे. एजन्सी पत्नीच्या नावावर आणि फिरणारा नवरा! सही तिची, पण कमिशन किती आले हे तिला ठाऊक नाही. मी स्वतः सरकारी नोकर आहे, म्हणून सांगतो. सरकारी नोकराने पत्नीच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाइके मिळवणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे, असे त्या नियमांतच लिहिलेले आहे. नियमात पत्नीचा उल्लेख करावा लागला, यावरून हा प्रकार किती रुळला असेल ते ओळखा. अशा एजन्सीला बाईचे करिअर म्हणता येणार नाही. तो नुसता नावाचा सातबारा, कसणारा दुसराच!

बाईची जमेची बाजू

पैशाच्या कामात खेड्याने बाईवर विश्वास टाकलेला नाही, असे मात्र नाही. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे घरोघरून गोळा करणाऱ्या महिला एजंटांची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून चालू आहे. बचत गटांचा कारभार तर बायकाच पाहतात.

विम्याच्या कामात बाई जिथे पोचते, तिथे पुरुष पोचत नाही. पुरुष एजंट ओसरीपर्यंत जातो. बाई भरदुपारी स्वयंपाकघरात जाऊन बसते. पॉलिसीचे पैसे ज्या बाईला पुढे मिळायचे, तिच्याशीच ती बोलते. कागद कुठे ठेवले आहेत? नॉमिनी म्हणून कुणाचे नाव आहे? लग्नाआधीची पॉलिसी असेल, तर नाव बदलून घेतले का? हे साधे प्रश्न आहेत, पण पलीकडच्या घरी ते कुणीच विचारले नव्हते.

विमा सखीचे गणित

ही योजना ९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणातील पानिपत येथे सुरू झाली. वय १८ ते ७० आणि शिक्षण किमान दहावी, अशी अट आहे. पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळते. तीन वर्षांची बेरीज २,१६,००० रुपये होते. कमिशन वेगळे.

आकडा गोड आहे, पण अटी नीट वाचा. वर्षात २४ माणसांचा विमा उतरवावा लागतो, आणि पहिल्या वर्षाचे कमिशन, बोनस कमिशन सोडून, किमान ४८,००० रुपये व्हावे लागते. म्हणजे महिन्याला दोन माणसे, आणि माणशी सरासरी २,००० रुपये कमिशन. दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन हवे असेल, तर पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू राहिल्या पाहिजेत. ही पगाराची नोकरी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. महामंडळाच्या एजंटांच्या व कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना यात घेत नाहीत.

ही ६५ टक्क्यांची अट मला सर्वांत मोलाची वाटते. आपण शेतकरी जाणतो की नुसती पेरणी म्हणजे पीक नव्हे. खुरपणी झाली, पाणी वेळेवर मिळाले, तरच रास खळ्यावर येते. पॉलिसी विकणे ही पेरणी. दरवर्षी हप्त्याची आठवण देणे ही निगराणी. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. तेवढ्या दिवसांत दार वाजवणारे कुणी हवे. गावातच राहणाऱ्या बाईला हे काम सहज जमण्यासारखे आहे.

खाचखळगे

पहिली दहा-बारा माणसे माहेर-सासरची मिळतात. मग नाती संपतात आणि आकडा पुरा करण्याची घाई होते. इथेच बाई फसते. गिऱ्हाईक म्हणते, “वहिनी, पहिला हप्ता तुम्हीच भरा, मग घेतो.” स्पष्ट नाही म्हणा. कमिशनातून सूट देणे किंवा घेणे विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे. १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय असे गिऱ्हाईक दुसरा हप्ता भरत नाही. आपल्या पदरचे पैसे गेले आणि पॉलिसीही बंद पडली!

ज्याचे पीक हातात नाही, त्याच्या गळ्यात मोठा हप्ता बांधू नका. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनज्योती विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती सुरक्षा विमा बँकेत मिळतो, हे त्याला आधी सांगा. सांगितल्याने आपले गिऱ्हाईक तुटत नाही, विश्वास बसतो. पॉलिसी हाती आल्यावर न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते, हेही लपवू नका. रोख रक्कम घेतली, तर पावती त्याच दिवशी द्या.

घरच्यांसाठी चार शब्द

नवरेमंडळींनो, कमिशन तिच्या खात्यात जाऊ द्या आणि पासबुक तिच्याच ट्रंकेत राहू द्या. तिला दुचाकी शिकवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी चुलीपुढचे काम घरातल्या दुसऱ्या कुणी उचलावे. सासूबाईंनो, ती उशिरा आली तर आधी पाणी विचारा, हिशेब मागून. एवढे झाले नाही, तर विद्यावेतन थांबताच ही एजन्सीही बंद पडेल, आणि लोक म्हणतील, “बाईला जमलं नाही.”

त्या वस्तीवर मी यंदा पुन्हा गेलो होतो. सूनबाईंचा पहिल्या वर्षाचा आकडा कसाबसा पुरा झाला होता. दोघांचे हप्ते थकले होते, त्यांची नावे तिने वहीत लाल शाईने लिहिली होती आणि त्या दिवशी ती त्यांच्याकडेच निघाली होती. सासऱ्यांनी तिची स्कूटी पुसून अंगणात काढून ठेवली. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “साहेब, रस्ता खराब आहे. पण पलीकडच्या घरासारखं पुन्हा होऊ नये, म्हणून जाते.”

वर्षापूर्वीच्या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर द्यायचे राहून गेले होते. आता ते द्यायची गरज उरली नाही.