झिजलेले हाड व आपला अहिंसाविचार

गेल्या वर्षी माझ्या खालच्या दोन दाढा हलू लागल्या. थप्पीतील वरची पोती कोरडी दिसावीत आणि तळच्या पोत्यास जमिनीची ओल लागून धान्य केव्हाच काळे पडलेले असावे, तसाच हा प्रकार. वेदना जवळजवळ नव्हती. घासताना रक्त येई, त्याचा दोष मी ब्रशास देत असे. निरोगी हिरडी व दात यांमधील फट सुमारे ३ मिलिमीटरांहून अधिक खोल नसते. माझी ७ भरली.

पूर्वी ज्यास सर्रास पायोरिया म्हणत, तोच हा रोग. दातांवरील जंतूंचा थर कडक होऊन कीटण बनते, हिरडी सुजते आणि जंतूंशी झगडता झगडता आपले शरीरच भोवतालचे हाड झिजवू लागते. मधुमेह व तंबाखू यांनी हे काम झपाट्याने होते. (मिश्रीने दात बळकट होतात, ही घरोघरची समजूत सर्वस्वी चुकीची, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय.)

कीटण मुळापर्यंत खरवडून काढणे हा पहिला उपाय. त्याने रोग आटोक्यात येतो, परंतु गेलेले हाड सहसा परत येत नाही. म्हणून काही ठिकाणी खळग्यात पूड भरतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, ही पूड कशाची, असे मी सहज विचारले. गाईबैलांच्या हाडांची, असे उत्तर आले! वर घालावयाचा पडदाही पुष्कळदा जनावरांपासूनच केलेला असतो. डुकराच्या कोवळ्या दातांपासून काढलेले एक औषधही प्रचारात आहे. वाण पाहिल्यावाचून पोते न उचलणारा मी, येथे न विचारता सही करणार होतो.

पर्याय आहेत. कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम पूड मिळते. दुसरी जैवसक्रिय काच. ती लॅरी हेंच यांनी १९६९ साली अमेरिकेत फ्लॉरिडा विद्यापीठात सिद्ध केली. तीत वजनाने ४५ टक्के सिलिका, बाकी सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरस यांची संयुगे. शरीरात तिच्यावर हाडातील खनिजासारखा थर धरतो व हाड तिला जुळते. पडदाही कृत्रिम मिळतो. मात्र खळग्यास दोन-तीन बाजूंनी हाडाची भिंत हवी. सगळीकडे सारख्या खचलेल्या हाडास लाभ थोडाच.

त्रिफळ्याच्या गुळण्या, हळद यांनी हिरडीची सूज उतरण्यास साह्य होते. हाड त्यांनी भरत नाही. लवंगेचे तेल तर केवळ ठणका झाकते.

कृत्रिम पुडीसाठी मला दहा दिवस थांबावे लागले. नऊ महिन्यांनी एका दाढेची फट ७ वरून ४ मिलिमीटरांवर आली. शेजारच्या दाढेस भिंत उरली नव्हती. ती काढावी लागली.