तपकिरीचं गुपित कुठे मुरतं?

शेफील्डच्या शॅरो मिलमध्ये विल्सन घराणं अठराव्या शतकापासून तपकीर करत आलं आहे. मिश्रणाचं प्रमाण घरातल्या मोजक्याच माणसांना ठाऊक, अशी त्यांची ख्याती. आपले मसालेवाले तरी कुठे वेगळे आहेत म्हणा! मला मात्र या गुपिताचं कौतुक जरा जास्तच झाल्यासारखं वाटतं. गुलाबाचं अत्तर किंवा बर्गमॉटचं तेल कुणीही विकत आणेल. खरी करामत त्याच्या कितीतरी आधी होते.

फ्रेंचांची 'रापे' तपकीर घ्या. पानं भिजवून, एकावर एक रचून दोरीनं इतकी करकचून आवळायची की गाजराच्या आकाराचा दंडुका तयार व्हावा. तो महिनोन्महिने मुरू द्यायचा. शौकीन माणूस खिशात छोटी किसणी बाळगायचा आणि लागेल तेवढी चिमूट त्यावर किसून घ्यायचा. लंडनच्या हेमार्केटमध्ये १७२० साली सुरू झालेल्या 'फ्रिबोर्ग अँड ट्रेयर' या दुकानाची खूणही किसणी आणि मुकुट अशीच होती. ब्यू ब्रमेलसारखे छानछोकीचे लोक तिथले गिऱ्हाईक. इंग्लंडच्या राणी शार्लटला तर लोक 'तपकिरी शार्लट' म्हणत.

पुढे किसणी मागे पडली, चक्की आली. दळलेल्या तंबाखूत पाणी, मीठ आणि पोटॅशसारखा क्षार पडतो. मीठ ओल धरून ठेवतं. क्षारामुळे निकोटिन मोकळं होऊन नाकात चटकन शोषलं जातं. आपल्याकडे तळहातावर तंबाखूला चुना चोळतात, तो याच रसायनासाठी. क्षार जास्त झाला की नाक पोळतं, ओल कमी पडली की भुगा थेट घशात. हा अंदाज कागदावर उतरत नाही, तो कारागिराच्या बोटांत असतो.

इंग्लंडला या व्यसनाची चटक लागली त्यात लुटीचा मोठा हात. १७०२ मध्ये इंग्रज आरमारानं स्पॅनिश जहाजांवरची तपकीर पळवली आणि खलाशांनी ती बंदरोबंदरी स्वस्तात फुंकली. पुढे आंध्र किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणची काळी, ओलसर तपकीरही तिकडे नावाजली गेली.

शौकिनांच्या चांदीच्या डब्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय; पण धंदा तगला तो खाणकामगारांमुळे. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू असतो, तिथे पाइप पेटवणं म्हणजे मरणाला आमंत्रण. मग उरते चिमूट. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या केंडल गावात १७९२ साली थॉमस हॅरिसननं स्कॉटलंडहून तपकिरीची यंत्रं आणली, तीही घोड्यांच्या पाठीवर लादून, असं सांगतात. त्याचा वारसा जावई सॅम्युअल गॉविथकडे गेला. पुढे घराण्याची वाटणी होऊन एकाच गावात दोन कारखाने झाले. खाणी बंद पडल्या, धूम्रपानाचे शौक बदलले, गिऱ्हाईक आटलं. अखेर २०१५ मध्ये दोन्ही गॉविथ पुन्हा एका छपराखाली आले.